उपवासकाळाचा सतरावा दिवस : उत्रोली ते नागासाकी

गतवर्षी सातवीच्या वर्गात कालगणनेचा पाठ चालला असता एका विद्यार्थ्याने आम्हांस असा प्रश्न केला की, नाताळ दरसाल २५ डिसेंबर या एकाच तारखेस येतो, मग ईस्टरचा सण कधी मार्चात व कधी एप्रिलात असा भटकत का असतो? प्रश्न रास्त होता. तास संपण्यास पाच मिनिटे उरली होती, म्हणून तेव्हा आम्ही त्यास थोडक्यात वाटेस लावले व सविस्तर उत्तर वार्षिक अंकातून देऊ असे वचन दिले. ते वचन आज पुरे करीत आहो. उत्तर देताना आम्हांस आपल्या उत्रोलीच्या घरातून थेट जपानातील एका मंदिरापर्यंत जावे लागणार आहे. याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

प्रथम नियम सांगतो. २१ मार्च रोजी किंवा तदनंतर जी पहिली पौर्णिमा येईल, तिच्या पाठचा रविवार हा ईस्टरचा, म्हणजे प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस होय. ही पौर्णिमा आकाशात पाहून नव्हे, तर ख्रिस्तमंडळीने ठरविलेल्या कोष्टकावरून धरतात. त्यामुळे हा सण २२ मार्चच्या अलीकडे कधी येत नाही व २५ एप्रिलच्या पलीकडे कधी जात नाही. त्याच्या आधी सेहेचाळीस दिवसांवर राखेचा बुधवार. तेथून उपवासकाळ लागतो. मधले सहा रविवार वगळले म्हणजे प्रभूने अरण्यात काढलेल्या चाळीस दिवसांची संख्या बरोबर भरते. आपल्याकडील पंचांगाशी याचा मेळ घालून पाहणे मोठे मौजेचे आहे. बहुतेक वर्षी ही पौर्णिमा म्हणजे चैत्री पौर्णिमा, अर्थात हनुमान जयंतीचा दिवस असतो. उदाहरणार्थ, २०१७ साली हनुमान जयंती ११ एप्रिलास होती व ईस्टर त्या पाठच्या रविवारी, १६ एप्रिलास आला. परंतु फाल्गुनी पौर्णिमाच जर २१ मार्चच्या पुढे सरकली, तर होळीनंतरच्या रविवारीच ईस्टर येऊन ठेपतो. २०१६ साली तसे झाले. पौर्णिमा २३ मार्चला आणि सण २७ मार्चला.

हा नियम आम्ही पुस्तकातून शिकलो त्याच्या पुष्कळ आधी तो आमच्या आजीकडून शिकलो होतो. आमचे आजोबा त्या काळच्या अहमदनगर जिल्ह्यातून मास्तरकीच्या निमित्ताने इकडे आले व भोर गावास लागून असलेल्या उत्रोली येथे स्थायिक झाले. आसपास कॅथलिक घर म्हणाल तर आमचेच. देऊळ नाही, धर्मगुरू नाहीत. पुण्याहून फादर येत ते वर्षातून तीनचार वेळा, आणि पावसाळ्यात तेही नाही. अशा स्थितीत सणवार चुकू न देण्याचा भार आजीवर होता. तिला अक्षरओळख नव्हती. तिचे पंचांग म्हणजे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. राखेच्या बुधवारी ती त्यात चाळीस दाणे वाघ्या घेवड्याचे व सहा दाणे पांढऱ्या पावट्याचे मोजून टाकी. रोज सायंकाळी जपमाळ झाली की घरातील एका मुलाने डब्यातून एक दाणा काढून वाटीत ठेवावयाचा. रविवारी पांढरा, इतर दिवशी घेवड्याचा. पाळी कोणाची यावरून आम्हा भावंडांत भांडणे होत, विशेषतः रविवारच्या दाण्यासाठी. डबा रिकामा झाला की दुसऱ्या दिवशी ईस्टर.

हे दाणे खावयाचे नसत. मृगाचा पाऊस झाला म्हणजे ते बांधाच्या कडेने एका ओळीत पेरले जात, आणि येणाऱ्या शेंगांतून पुढील वर्षाचे सेहेचाळीस दाणे निवडून ठेवले जात. ही परंपरा अखंड होती असे मात्र आम्ही म्हणणार नाही. एका वर्षी डब्यास भुंगा लागला व सगळे दाणे पोखरून गेले. तेव्हा आजीने निमूटपणे शेजारच्या घरून घेवड्याचा वाणवळा मागून आणला आणि त्यातले चाळीस मोजले. आजीच्या प्रार्थनांचेही तसेच होते. तिने त्या लहानपणी कानांनी ऐकून पाठ केल्या होत्या. आम्ही पुढे बोर्डिंगात गेलो व प्रार्थनेचे पुस्तक हाती आले, तेव्हा ध्यानात आले की आजीचे कितीएक शब्द छापील शब्दांहून निराळे आहेत. काही तर कोणत्याच भाषेतले नव्हेत. आजोबा तिला दुरुस्त करू पाहत. ती मान हलवी आणि पुन्हा आपलेच म्हणे.

आजीच्या मागे तो डबा आमच्या मातोश्रींकडे आला.

सन २०१७ च्या फेब्रुवारीत आमच्या धाकट्या बंधूंचा जपानातून निरोप आला. ते नोकरीनिमित्त बरीच वर्षे नागासाकी शहरी सहकुटुंब राहतात. पोटाची शस्त्रक्रिया ठरली होती व घरात वडीलधारे कोणी असावे अशी भावजयीची इच्छा होती. परीक्षांचे दिवस तोंडावर आले असता रजा घेणे आम्हांस जड गेले, पण गेलो. निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही मातोश्रींस म्हणालो, "आई, डब्यातले सेहेचाळीस दाणे मी बरोबर नेतो, तिकडे मुलांना दाखवीन." तथापि चौकशी करता कळले की त्या देशात तपासणीवाचून धान्य वा बियाणे नेता येत नाही. मातोश्री म्हणाल्या, "दाणे राहू देत. ते इथं मी मोजते. तू तिथं दिवस मोज, म्हणजे झालं."

शस्त्रक्रिया ईश्वरकृपेने नीट पार पडली. बंधू घरी आले, परंतु मनाने फार खचलेले होते. उपवासकाळाचा विषय आम्ही काढला तेव्हा ते भिंतीकडे पाहत म्हणाले, "दादा, इथं आल्यापासून ते सगळं सुटलं. मुलांना मराठी प्रार्थना येत नाहीत. मलाही अर्ध्याच आठवतात. तो डबा उत्रोलीत शोभतो." आम्ही वाद घातला नाही. आजारी माणसाशी वाद घालू नये, आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे होते असेही नव्हे. भावजयीने मात्र स्वयंपाकघरातून त्या देशी मिळणारे आझुकी नावाचे तांबडे बारीक कडधान्य आणले, राखेच्या बुधवारापासून लोटलेले दिवस मोजले आणि तितके दाणे एका बशीत मांडून ठेवले. पांढरे दाणे तिला मिळाले नाहीत, म्हणून रविवारसाठी तिने सदऱ्याच्या गुंड्या घेतल्या.

आता ज्या मंदिराकडे आम्ही जाणार आहो त्याची हकीकत सांगितली पाहिजे. आणि ती आपल्या वसईपासून सुरू होते.

वसई पोर्तुगिजांच्या ताब्यात असता सन १५५७ च्या सुमारास तेथे गोन्सालो गार्सिया नावाचा मुलगा जन्मास आला. पिता पोर्तुगीज, माता येथील देशी. वसईच्या जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत तो शिकला व कोवळ्या वयातच त्यांच्याबरोबर जपानास गेला. तेथील भाषा त्याने इतकी आत्मसात केली की तो उपदेशकाचे काम करू लागला. जेझुइट संघात आपणांस घ्यावे अशी त्याची फार इच्छा होती, पण ती सफळ झाली नाही. तेव्हा तो व्यापारात शिरला, त्यात त्याचा जम बसला, आणि शेवटी फिलिपाइन बेटांतील मनिला येथे त्याने सर्व सोडून फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून प्रवेश केला. १५९३ साली फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नराने जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याजकडे वकील पाठविले, त्यांत दुभाषी म्हणून हा आपला वसईकर होता. चार वर्षांत राजाची मर्जी फिरली. क्योटो व ओसाका येथे धरपकड झाली. चोवीस जणांच्या डाव्या कानाच्या पाळ्या कापण्यात आल्या व ऐन हिवाळ्यात सुमारे आठशे किलोमीटर वाट त्यांस नागासाकीपर्यंत चालविण्यात आले. वाटेत आणखी दोघे त्यांत मिळाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका नामक टेकडीवर या सव्वीस जणांस क्रुसांवर बांधून भाल्यांनी मारले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन होते, तीन जपानी जेझुइट होते व बाकीचे साधे प्रापंचिक लोक होते. सर्वांत लहान लुई इबाराकी, वय अवघे बारा. म्हणजे आमच्या सातवीच्या विद्यार्थ्याएवढा. चौदा वर्षांच्या थॉमस कोझाकीने वाटेतून आपल्या आईस पत्र लिहिले होते. त्याच्याबरोबर त्याचा बापही क्रुसावर गेला. १८६२ साली पोप नववे पायस यांनी या सव्वीसांस संतपद दिले. भारतभूमीवर जन्मून संतपदास पोहोचलेला गोन्सालो गार्सिया हा पहिला. वसईजवळ गास येथील मंदिर त्याच्या नावाचे आहे व वसईतील महाविद्यालयासही त्याचे नाव दिलेले आहे.

१६१४ साली जपानभर ख्रिस्ती धर्मास बंदी झाली. पाद्री हाकलले गेले, लपून राहिले ते एकेक करून मारले गेले. उरलेला अखेरचा धर्मगुरू १६४४ साली हुतात्मा झाला. प्रत्येक कुटुंबाने बौद्ध मठात नाव नोंदवावयाचे असा दंडक पडला. नागासाकीकडे तर वर्षारंभी प्रत्येकास येशूच्या अथवा मरियेच्या चित्रावर पाय देऊन चालावयास लावीत. जो कचरला तो पकडला गेला. अशी सव्वादोनशे वर्षे गेली. धर्म बुडाला असेच सर्व जगाने धरले.

तो बुडाला नव्हता, घरात शिरला होता. नागासाकीच्या उत्तरेस उराकामी नावाचे खेडे होते. तेथील शेतकऱ्यांनी आपली अशी व्यवस्था लावली होती की, गावात एक मनुष्य पंचांग राखणारा असे. कोणता सण कोणत्या दिवशी, उपवास केव्हा लागतो, हे तो काढी. काही जणांकडे मुलांस बाप्तिस्मा देण्याचे काम होते. आणखी काही घरोघर निरोप पोहोचवीत. बहुतेक काम मुखानेच चाले, कारण कागद सापडला तर जीव जाई. प्रार्थनांस ते ओराशो म्हणत. लॅटिनमधील ओरातिओ या शब्दाचेच हे रूप. पिढ्यान् पिढ्या तोंडात घोळून ते शब्द झिजले, काहींचा अर्थही कोणास सांगता येईना. तरी म्हणणारे म्हणतच राहिले. मांडीवर मूल घेतलेली कान्नोन ही बौद्ध देवी घरात ठेवावी आणि मनात मरिया धरावी, अशी युक्ती पुष्कळांनी केली. चित्रावर पाय देऊन घरी परतलेला मनुष्य त्या रात्री पश्चात्तापाची एक प्रार्थना म्हणे. पापनिवेदन ऐकण्यास धर्मगुरूच उरला नसल्याने या एका प्रार्थनेवर त्यांचा सगळा भरवसा होता. पंचांगाची ही विद्या बास्तियान नावाच्या देशी उपदेशकापासून आली, व सात पिढ्यांनंतर पाद्री काळ्या जहाजांतून परत येतील असे त्याने सांगून ठेवले होते, अशी परंपरा आहे.

आपल्याकडेही याच्याशी जुळणारी गोष्ट घडली आहे, ती इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ध्यानी घ्यावी. जपानात बंदी आली त्यानंतर दोनच वर्षांनी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण गोव्याच्या भूमीवर रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ तीन वेळा छापला गेला, परंतु त्या छापील प्रतींपैकी आज एकही उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो कुटुंबांनी हाताने नकला करून ठेवल्या म्हणून. त्या हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूर येथे तो पुन्हा छापण्यात आला. त्याचप्रमाणे १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर परदेशी पाद्री निघून गेले. मागे देशी धर्मगुरूंनी व घराघरांतील वृद्ध स्त्रीपुरुषांनी तेथील ख्रिस्ती समाज राखला. तेथे मराठ्यांनी धर्मबंदी केली नाही, हा भेद न्यायाने सांगितलाच पाहिजे.

असो. १८५० नंतर जपानची बंदरे परक्यांस उघडली. फ्रेंच पाद्र्यांनी नागासाकीतील परदेशी वस्तीत, औरा या भागी, सव्वीस हुतात्म्यांच्या नावाने एक लाकडी मंदिर उभारले व त्याचे तोंड निशिझाका टेकडीच्या दिशेस ठेविले. १९ फेब्रुवारी १८६५ रोजी त्याचे समर्पण झाले. ते केवळ परदेशीयांकरिता होते. जपानी मनुष्यास ख्रिस्ती होणे अद्याप गुन्हाच होता. पुढे एका महिन्याच्या आत, १७ मार्च रोजी दुपारच्या सुमारास, बारापंधरा खेडूत स्त्रीपुरुष दारापाशी येऊन उभे राहिले. फादर पेतिजाँ यांनी दार उघडले व ते आत जाऊन प्रार्थनेस गुडघे टेकून बसले. इतक्यात एक बाई जवळ येऊन हळूच म्हणाली की, आमचे अंतःकरण आणि तुमचे एकच आहे. आणि लगेच तिने विचारले की, सांता मारियेची मूर्ती कोठे आहे? फादरांनी त्यांस मूर्तीपाशी नेले. बोलता बोलता त्या लोकांनी सांगितले की, आम्ही थंडीच्या महिन्यात पंचविसाव्या दिवशी प्रभूचा जन्म पाळतो; सध्या आमचा दुःखाचा काळ चालू आहे व आज त्याचा सतरावा दिवस आहे; तुम्हीही तो पाळता काय?

हीच गोष्ट आम्ही १७ मार्च २०१७ रोजी त्याच मंदिरात उभे राहून वाचली. खरे म्हणजे आमच्याकडून वाचवली नाही, आमच्या अकरा वर्षांच्या पुतणीने वाचून दाखविली. तारीख आम्ही मुद्दाम निवडली होती असे नाही. बंधूंस विश्रांती मिळावी म्हणून मुलांस कोठे तरी बाहेर न्यावयाचे होते व शुक्रवारी दुपारी तिची शाळा लवकर सुटली. ट्राममधून उतरून चढण चढून गेलो. आजचे मंदिर १८७९ साली वाढविलेले, विटांचे आहे. आत लाकडी खांब व कमानींचे छत, आणि छतास बांबूच्या पट्ट्यांवर चुन्याचा गिलावा. आपल्याकडील कुडाच्या भिंती पाहिलेल्या मनुष्यास ही करामत चटकन कळते. जपान सरकारने हे मंदिर राष्ट्रीय ठेवा म्हणून फार पूर्वी, १९३३ सालीच, नोंदले; २०१८ साली जागतिक वारशाच्या यादीतही ते आले. तिकीट घेऊन आत जावे लागते व आत छायाचित्र काढू देत नाहीत. ही मनाई आम्हांस योग्यच वाटली. उजव्या बाजूच्या वेदीवर तीच मूर्ती आहे, बाळ घेतलेली.

पुतणी मजकूर वाचीत होती व मोडक्या मराठीत आम्हांस सांगत होती. "सतरावा दिवस" येथे ती थांबली. तिने बोटे मोडली. "मोठे काका, आपल्या बशीत आज किती?" आम्ही म्हणालो, "तूच सांग." ती म्हणाली, "पंधरा दाणे आणि दोन गुंड्या. म्हणजे आजही सतरावाच." मग ती आपल्या मनाशी म्हणाली की, राखेचा बुधवार १ मार्चला होता, म्हणून तारीख आणि दिवस एकच येतो, पण १८६५ साली कसा?

याचे उत्तर आम्ही तिला त्या रात्री कागदावर मांडून दिले, ते आमच्या विद्यार्थ्यांनीही पाहावे. १८६५ साली ईस्टर १६ एप्रिलास होता. त्यातून सेहेचाळीस दिवस वजा केले म्हणजे १ मार्च, बुधवार. तेथून मोजता १७ मार्च हा बरोबर सतरावा दिवस. आता यातील मर्म असे की, उराकामीच्या शेतकऱ्यांजवळ मार्च-एप्रिलची दिनदर्शिका नव्हती. जपानात तेव्हा चांद्रमास चालत, आपल्या पंचांगाप्रमाणेच अधिक महिना धरून. त्यांच्या लेखी तो दुसऱ्या महिन्याचा विसावा दिवस होता. त्यातून फिरता ईस्टर काढावयाचा, त्याच्या मागे उपवासकाळ मोजावयाचा, आणि हे सव्वादोनशे वर्षे, पाद्र्यावाचून! रोमेत जो दिवस चालला होता तोच त्या खेड्यात चालला होता. एका दिवसाचीही चूक नव्हती.

आणखी एक मौज. चंद्राच्या तिथी व सूर्याच्या तारखा दर एकोणीस वर्षांनी पुन्हा जवळजवळ जुळतात, हे ग्रीक ज्योतिषी मेटन याच्या नावाने प्रसिद्ध आहे. १८६५ पासून २०१७ पर्यंत १५२ वर्षे, म्हणजे बरोबर आठ एकोणिसे. म्हणून दोन्ही वर्षी पौर्णिमा एकाच सुमारास आल्या. वारही योगायोगाने तेच पडले, आणि १७ मार्चला शुक्रवार आला. आपल्या पंचांगाने त्या दिवशी रंगपंचमी होती.

मंदिरात आलेल्या त्या लोकांचे पुढे काय झाले हे सांगितल्यावाचून हा पाठ पुरा होणार नाही. ते उघडे पडले. १८६८ ते १८७० या काळात उराकामीचे सुमारे ३४०० लोक, मुलेबाळे धरून, गावातून उपटून देशभर निरनिराळ्या ठिकाणी कैदेत पाठविण्यात आले. उपासमारीने व छळाने सहाशेंहून अधिक दगावले. परराष्ट्रांनी आवाज उठविल्यावर १८७३ साली बंदीच्या पाट्या उतरल्या व उरलेले परत आले. ज्या पाटलाच्या वाड्यात त्यांच्या पूर्वजांस चित्रावर पाय द्यावा लागे, ती जागा त्यांनी पैसा पैसा जमवून विकत घेतली, आणि तेथे १८९५ पासून विटेवर वीट ठेवीत मोठे मंदिर बांधले. १९१४ साली ते उघडले, मनोरे १९२५ साली पुरे झाले. वीस वर्षांनी, ९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी, त्या मंदिरापासून सुमारे ५०० मीटरांवर अणुबाँब फुटला. १५ तारखेच्या मरियामातेच्या सणाची तयारी म्हणून लोक आत पापनिवेदनास जमले होते. आतील कोणी वाचले नाही. उराकामीच्या सुमारे १२,००० कॅथलिकांपैकी ८,५०० मरण पावले. औराचे मंदिर टेकड्यांच्या आड असल्याने मोडतोड सोसून उभे राहिले. उराकामीच्या ढिगाऱ्यातून एक घंटा धड सापडली, ती लोकांनी त्याच वर्षीच्या नाताळात वाजविली. दुसरी फुटली होती. तिच्या जागी नवी घंटा अमेरिकेतील कॅथलिकांनी दिली व ती २०२५ च्या ९ ऑगस्टास वाजली. तिसऱ्या दिवशी आम्ही तेथेही गेलो होतो. भाजून काळे झालेले मरियेच्या मूर्तीचे मस्तक तेथे ठेवले आहे. त्याविषयी लिहिण्याचा आम्ही दोनदा प्रयत्न केला व दोनदा खोडले.

एक गोष्ट मात्र पुष्कळदा सांगावयाची राहून जाते. बंदी उठल्यावर लपलेले सर्वच लोक चर्चमध्ये परत आले नाहीत. इकित्सुकी बेटात व इतरत्र कितीएक कुटुंबांनी म्हटले की, आमच्या वाडवडिलांनी ज्या रीतीने प्रार्थना केली ती रीत आम्ही टाकणार नाही; नव्या पाद्र्यांची ती नवी, आमची ती आमची. त्यांच्या ओराशो आजही म्हटल्या जातात. म्हणणारे मात्र दिवसेंदिवस घटत आहेत. त्यांस हट्टी म्हणणारे पुष्कळ आहेत. आमच्याने ते म्हणवत नाही. आजोबांच्या दुरुस्तीस मान हलवून आपलेच शब्द म्हणणारी आजी आम्ही पाहिली आहे.

त्या सतराव्या दिवशी संध्याकाळी घरी परतलो तो पुतणीने बापास सर्व हकीकत सांगितली, अर्धी जपानीत, अर्धी मराठीत. बंधू उशीला टेकून ऐकत होते. जपमाळेच्या वेळी ते म्हणाले, "दादा, तू म्हण, मी मागून म्हणतो." आम्ही म्हटले, "आजीची म्हण, मला पुस्तकातली येते." ते आरंभी चाचरले, मध्ये एका ठिकाणी अडले, आणि मग आजीचा तो कोणत्याच भाषेत नसलेला शब्द त्यांच्या तोंडून आपोआप बाहेर पडला. आम्ही दोघेही हसलो. टाके ताजे होते, त्यांस हसताना दुखले. मग त्यांनी ती शेवटपर्यंत म्हटली. मुलाने बशीतला दाणा उचलला. रविवार नसल्याने त्यास गुंडी हवी होती ती मिळाली नाही, म्हणून तो रुसला.

मग उत्रोलीस दूरध्वनी केला. तिकडे दुपार होती. मातोश्री म्हणाल्या की, आळीतील पोरे रंगाने न्हाली आहेत व आमच्या ओट्यावर लाल पाण्याचे ओघळ आले आहेत. नंतर त्यांनी नातीस विचारले, "आज कितवा गं?" नात म्हणाली, "सतरावा." मातोश्री म्हणाल्या, "माझाही सतरावाच."

त्या वर्षीचे आझुकीचे दाणे अर्थातच इकडे आणता आले नाहीत. भावजयीने ते घराच्या गच्चीवर कुंडीत पेरले. आठ उगवले असे बंधूंनी कळविले. ते आता बरे आहेत व कामावर जातात. डबा आजही उत्रोलीत मातोश्रींच्या फडताळात आहे. दाणे बदलले, पत्रा गंजला, झाकण आम्ही एकदा बदलून आणले.

आता ज्या विद्यार्थ्याने प्रश्न विचारला त्यास थोडे गणित देतो. २०१७ नंतर एकोणीस वर्षांनी, २०३६ साली, पौर्णिमा त्याच सुमारास असेल, परंतु वार निराळा असल्याने ईस्टर १३ एप्रिलास येईल; तेव्हा १७ मार्च हा उपवासकाळाचा कितवा दिवस पडेल ते काढावे. उलट, १ मार्चला पुन्हा राखेचा बुधवार व १६ एप्रिलास पुन्हा ईस्टर असा योग त्याहून बराच आधी, २०२८ साली येत आहे. त्या वर्षी १७ मार्चला वार कोणता असेल, हे पुतणीने आम्हांस पत्रातून विचारले आहे. आम्ही अद्याप उत्तर धाडलेले नाही. आमच्या विद्यार्थ्यांपैकी जो प्रथम बरोबर सांगेल त्याचेच पत्र नागासाकीस पाठवू.